बिनब्रेकचे चार महिने

सायकल जपून चालव, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकानंही तिचे ब्रेक बसवून दिले नाहीत. हे मी रागानं लिहितेय. राग तीसेक वर्षांचा जुना आहे, तरी काढला की ताजाच निघतो. त्याला मी तरी काय करू?

आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि मला आता कुणाशी भांडायचं नाही. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा तालुक्याला. डांबरी रस्त्यानं गेलं तर चौदा किलोमीटर, मधल्या राखीव जंगलातून गेलं तर आठ. एस.टी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा यायची, म्हणजे यायची असं फाट्यावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. आमच्या घरात रोजच्या तिकिटाला पैसे नव्हते, पण सायकल होती. बाबा दुसऱ्या गावात प्राथमिक शिक्षक होते. ते आठवडाभर तिकडंच राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्यांची जुनी, दांडीची, माझ्या खांद्यापर्यंत येणारी सायकल आठवीपासून माझी झाली.

आता ब्रेकचं. आमच्याकडची माती काळी. ओली झाली की चाकाला धरते, मडगार्डमध्ये ठासून बसते, ब्रेकच्या रबरात अडकते, आणि मग सायकल पुढं जायचं नावच घेत नाही. खांद्यावर घेऊन चालावं लागतं. म्हणून गावाचा शिरस्ता असा, की मृग लागला की घरोघरी पाने-पकडी काढायचे आणि मडगार्ड, ब्रेक, दोन्ही खोलून माळ्यावर टाकायचे. ते खाली यायचे थेट दसऱ्याला. सायकल धुवायची, ब्रेक बसवायचे, हँडलला झेंडूचा हार घालायचा आणि पूजा करायची. मधले चार महिने अख्ख्या गावाच्या सायकली बिनब्रेकच्या. थांबायचं कसं? पायातली चप्पल पुढच्या चाकावर दाबायची. लहान पोरंसुद्धा हे असं सहज करायची की पाहुण्यांना वाटावं सायकल बनतेच अशी.

गावाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण गावाचे सगळे रस्ते सपाट आणि चिखलाचे. मी ओरडले की बाप्ये हसायचे. "चिखलात ब्रेक कशाला लागतोय गं? चिखलच ब्रेक हाय की!" पण माझा रस्ता चिखलाचा फक्त पहिले तीन किलोमीटर होता. पुढं जंगल लागलं की मुरूम, खडखडीत, आणि मुरमात एक लांब उतार. तिथं चिखल ब्रेक लावायला येत नव्हता. मी सायकलच्या दुकानवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "सगळं गाव येडं हाय का मंग?" चुलत्यांना सांगितलं, ते म्हणाले बघू. बाबांना सांगितलं, ते म्हणाले, "दसरा आलाच आहे आता." तेव्हा आषाढ चालू होता!

शेवटी एका रविवारी मी स्वतःच माळ्यावर चढले, ब्रेक खाली काढले आणि पान्यानं बसवले. सोमवारी गावाबाहेर अर्ध्या फर्लांगात मागचं चाक जाम. काडीनं चिखल उकरत, ढकलत, खांद्यावर घेत जंगलापर्यंत पोचले तेव्हा शाळेची प्रार्थना होऊन गेली असणार. बाईंनी दोन तास उभं केलं. पुढच्या रविवारी मी मुकाट्यानं ब्रेक परत माळ्यावर टाकले. म्हणजे गाव अगदीच चुकीचं नव्हतं, हे मला कळत होतं. त्यानंच तर जास्त चिडचिड व्हायची.

जंगलाच्या तोंडाशी लाकडी फाटक होतं, पाटी होती आणि वनखात्याचा एक रखवालदार होता. सगळे त्याला गारड म्हणायचे. पन्नाशीचा, खाकी शर्ट, खाली धोतर, हातात काठी. पहिल्याच दिवशी त्यानं मला अडवलं.

"ए पोरी, कुटं निघालीस?"

"शाळंत."

"सायकल आत न्हाई नेता येत. पाटी वाच."

"पाटीवर वाहन लिहिलंय. सायकल वाहन हाय का?"

"मंग काय बैल हाय?"

आठवडाभर हे असंच चाललं. मी फाटकाला सायकल आडवी लावून बसायची, तो काठी आपटायचा, मी भूगोलाचं पुस्तक काढून मोठ्यानं वाचायला लागायची. शेवटी तोच कंटाळला. "बेजार केलं या कार्टीनं," म्हणत त्यानं फाटक उघडलं, पण अटी घालून. उजाडल्याशिवाय आत शिरायचं नाही. आत घंटी वाजवायची नाही, जनावर बिचकतं आणि कुठंही पळतं. रोही आडवा गेला तर लगेच निघायचं नाही. "एक रोही कदी एकटा नसतो. मागचा असतोच. तो जाईस्तोवर उतरून उभं राहायचं, सायकल आपल्या आन् त्याच्या मदी धरून." उतारावर सायकल हातात धरून चालायचं, बसायचं नाही. "आन् डबलसीट तर बिलकूल न्हाई. दिसली की फाटक बंद."

रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी नर घोड्याएवढा असतो, आणि अंगावर आला तर गाय-बीय काही आठवत नाही. हे सगळं मला नीट सांगणारा तो एकटाच माणूस होता, हे मी कबूल करते. दोन पावसाळे मी त्याचं ऐकलं. रोज उतारावर पायी चालले. रोज दहा मिनिटं त्यात गेली आणि रोज मी त्या चपलेला, त्या उताराला आणि माळ्यावरच्या ब्रेकला शिव्या दिल्या, पण चालले.

गावातून सातवीच्या पुढं शिकायला जाणाऱ्या पोरी आम्ही दोघीच. दुसरी वरच्या आळीतली, मोठ्या शेतकऱ्याची धाकटी लेक. वर्गात आम्ही एका बाकावर. ती गणितात इतकी तेज की सर फळ्यावर अडले तर तिच्याकडं बघायचे. मी तिची वही बघून गणितं सोडवायची आणि ती माझे निबंध बघून निबंध. गावात शिरलो की मात्र ओळख नसल्यासारख्या. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आणि दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. आमच्याकडच्या भिंतीवर एक घोषणा, त्यांच्याकडच्या भिंतीवर तिच्या उलटी. मोठी माणसं एकमेकांशी तोलूनमापून बोलायची, आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं तरी आम्हीही तोलून वागायला शिकलो होतो.

तिचे वडील वाईट नव्हते. वरच्या आळीतल्या चारचौघांचं न ऐकता त्यांनी लेकीला पुढं शिकवलं होतं. पण त्यांची अट पक्की होती. एस.टी.नं जायचं, एस.टी.नं यायचं. पोरगी रस्त्यात कुठं पडली-बिडली, कुणाच्या तोंडी आली, की त्या दिवसापासून शाळा बंद. ती हे हसत सांगायची, "मला पडायची बी परवानगी न्हाई बाई." तिला दहावी व्हायचं होतं, मग डी.एड. करून गणिताची बाई व्हायचं होतं. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. फक्त मला सांगितलं होतं.

दहावीच्या वर्षी, भाद्रपदात, गणिताची चाचणी होती. हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं की या चाचणीला जो गैरहजर राहील त्याचा बोर्डाचा फॉर्म मी भरून घेणार नाही. आणि नेमका त्याच दिवशी नामांतरावरून जिंतूरच्या रस्त्यावर रास्ता रोको. एस.टी. आलीच नाही. मी सायकल ढकलत गावाबाहेर आले तेव्हा ती फाट्यावर एकटीच उभी होती, दप्तर पोटाशी धरून. बाकीची माणसं वाट बघून घरी गेली होती.

"मला घे," ती म्हणाली.

"डबलसीट न्हाई चालत. गारड सोडत न्हाई."

"फाटकापाशी उतरते मी. चालत जाते पुढं. त्याला काय कळतंय?"

"आन् तुझे वडील?"

"शेतात हायत. त्यांना वाटंल एस.टी. आली."

मी तिच्याकडं बघितलं. मग गावाकडं बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. आणि म्हणाले, "चल."

चिखलाचे तीन किलोमीटर आम्ही दोघींनी सायकल ढकलली. बसायचा प्रश्नच नव्हता. फाटकाशी गारड नव्हता. त्याचा तांब्या खांबाला टांगलेला दिसला, तो कुठं तरी आत होता. आम्ही आत गेलो आणि मुरूम लागल्यावर ती कॅरिअरवर बसली. तिच्या डाव्या हातात घड्याळ होतं. उताराच्या वरच्या टोकाला पोचलो तेव्हा तिनं बघितलं. सव्वादहा. साडेदहाला पेपर. मी सवयीनं खाली उतरले होते. तीही उतरली होती. ती काहीच बोलली नाही, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. घाई कर असं तिनं म्हटलं नाही. मीच म्हणाले, "बस. आज चालत न्हाई जायचं."

निम्मा उतार नीट गेला. चप्पल चाकावर घासत होती, रबराचा वास येत होता. मग डावीकडच्या झुडपातून एक रोही निघाला, राखी, धिप्पाड, आणि आमच्या पुढ्यातून शांतपणे पलीकडं गेला. मी चप्पल गच्च दाबली. सायकल हळू झाली. ती मागून म्हणाली, "आगं माय, केवढा!" रोही गेला आणि मी पाय उचलला. बस, एवढंच. दोन वर्षं रोज ऐकलेली गोष्ट मी त्या एका क्षणाला विसरले. दुसरा निघाला तेव्हा मी पाय परत चाकावर टाकला, पण चप्पल चिखलानं बुळबुळीत झालेली, ती पायातून निघूनच गेली. मी हँडल वळवलं. मी झुडपात पडले. ती दगडावर पडली, उजव्या हातावर.

मला कोपरावर, गुडघ्यावर नुसतं खरचटलं होतं. मी तिच्याकडं धावले तेव्हा ती उठून बसली होती आणि उजवं मनगट डाव्या हातात धरून त्याच्याकडं बघत होती. मनगट सरळ नव्हतं. ती रडली नाही. पहिलं वाक्य बोलली ते हे, "घरी सांगू नको."

आवाज ऐकून गारड ओढ्याकडून पळत आला. त्यानं मनगट बघितलं, आपल्या डोक्याचा रुमाल सोडला आणि हळूच बांधला. "हाड गेलंय. चल, दवाखान्यात नेतो."

"आदी पेपर," ती म्हणाली.

"काय पेपर-पेपर लावलंय? हात मोडलाय तुजा!"

"आदी पेपर," ती परत म्हणाली. तेव्हा तो माझ्याकडं वळला आणि त्यानं काठी सायकलच्या सीटवर अशी हाणली की सीट फिरली. "दोन वर्सं झाले सांगायलोय तुला. दोन वर्सं! कान हायेत का भोकं?" त्याचं बरोबरच होतं.

चालत, उशिरा पोचून तिनं पेपर लिहिला. त्याच हातानं. मनगटाला रुमाल, बोटं टम्म सुजलेली, मधूनमधून पेन खाली ठेवून डोळे मिटून बसायची आणि परत उचलायची. सरांना सांगितलं की मुंगी चावली. गणितात तिला पैकीच्या पैकी मिळाले. मला मिळाले बेचाळीस, दोन धड हात असताना.

दुपारी रस्ता मोकळा झाला, संध्याकाळी ती एस.टी.नं घरी गेली. ठरलं होतं असं की घरी गेल्या गेल्या हौदापाशी पाय घसरून पडायचं. घरात पडलं तर चालत होतं. शाळा फक्त रस्त्यात पडण्यानं बंद होणार होती. पण त्या संध्याकाळी तिच्या घरी पाहुणे. अंगण माणसांनी भरलेलं. तिला पडायला एकांतच मिळाला नाही! हात ओढणीखाली घेऊन ती तशीच राहिली, जेवली, झोपली, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून हौदापाशी जाऊन पडली. हाडवैद आला. मनगट चाचपून म्हणाला, "हे आजचं वाटत न्हाई." तिची आई म्हणाली, "आजचंच हाय, माझ्या कानानं ऐकलं मी पडलेलं." त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि गेला.

महिन्यानं कामट्या सोडल्या तेव्हा मनगट वाकडं जुळलेलं होतं. बोटं मिटायची पण पेन धरायची नाहीत. तिनं डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीत मी तिला पाटीवर रेघा आखून द्यायची आणि ती पहिलीतल्या पोरीसारखी ग म भ न काढायची. मला बघवायचं नाही. मी म्हणायची, "सांगून टाक घरी, मोठ्या डॉक्टरला तरी दाखवतील." ती म्हणायची, "आन् शाळा? तू भरतीस का माझा फॉर्म?" मग मी पुढची रेघ आखायची. दिवाळीपर्यंत तिचं डाव्या हाताचं अक्षर माझ्या उजव्या हातापेक्षा सरळ आलं, आणि बेरजा तर ती तोंडीच करायची.

गोष्ट कुठं फुटू नये म्हणून तिनं सगळ्यांना पढवलं होतं. बाकावरच्या पोरींना, वर्गातल्या पोरांना, मला तर रोजच. गारडाला सांगायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही. तो आमच्या हिशोबात माणसांत नव्हताच, रानात होता.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो मला फाटकाशी हसतमुखानं सामोरा आला. "काल जिंतूरच्या बाजारात तुमच्या गावची मानसं भेटली चहाच्या हाटेलात. मी इचारलं, ती उतारावर पडलेली पोरगी कशी हाय, हात बसला का नीट? तर त्यातला एक तिचा बापच निघाला की!"

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. कंच्या उतारावर म्हनले. मी सांगितलं समदं. सायकल, रोही, समदं. चहा तसाच ठिवून गेले बाबा."

मी सायकल फाटकावर ढकलून दिली आणि त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आज आठवत नाही, पण तुमाला कुणी सांगितलं होतं इचारायला, हे तीन-चारदा म्हणाले. त्यानं पडलेली सायकल उभी केली. मग म्हणाला, "आगं, हात मोडला पोरीचा. मानसानं इचारू बी नये का?"

दोन महिन्यांत तिच्या हाताबद्दल परक्या माणसानं विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तोही आम्हाला नको होता. मी तिथंच दगडावर बसून रडले, दुःखानं नाही, संतापानं, आणि संतापायला समोर फक्त तोच होता, जो एकटा बरोबर वागला होता.

ती त्या दिवशी शाळेत आली नाही. नंतरही नाही. तिच्या वडिलांनी तिला मारलं नाही. आमच्या वस्तीत येऊन भांडण केलं नाही. माझी आई मात्र आठ दिवस दाराला आतून कडी लावून बसली, कारण त्या वर्षांत कशावरून काय होईल याचा नेम नव्हता, आणि सायकल आमची होती. बाबा मधल्याच वारी घरी आले आणि सरळ जाऊन तिच्या वडिलांना फाट्यावर भेटले. परत येऊन त्यांनी पाय धुतले. मग म्हणाले, "ते म्हणाले, गुरुजी, तुमची पोरगी लय हुशार हाय. माझीबी होती."

फॉर्म भरायची मुदत जवळ आली. हेडमास्तरांनी तिचा कोरा फॉर्म माझ्याकडं दिला, "पालकांची सही घेऊन ये." मी रविवारी गेले. जन्मात पहिल्यांदा वरच्या आळीत एकटी, भर दुपारी. आईला सांगितलं नाही, तिनं जाऊच दिलं नसतं. तिचे वडील ओसरीवर होते.

"बस की बाई," ते म्हणाले. मी कडेला टेकले. त्यांनी फॉर्म घेतला आणि सगळा वाचला, मागच्या बाजूच्या सूचनांसकट.

"लिवणार कशानं?"

"डाव्या हातानं लिहिती काका. मी बघितलंय. माझ्यापेक्षा चांगलं."

त्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "हात मोडला म्हणून मी तिला घरी बसवली, आसं वाटतंय का तुला?"

"न्हाई काका."

"मंग?"

"खोटं बोलली म्हणून."

ते उठले आणि मला अंगणात घेऊन गेले. हौदाभोवतीची फरशी दाखवली. सगळ्या फरशीवर छिन्नीचे बारीक बारीक घाव होते, खरखरीत. "ती हितं पडली म्हणली, दुसऱ्याच दिवशी मी पाथरवट बोलावला. आनखी कुणी घसरू नये म्हनून समद्या फरशीला टाकी मारून घेतली. ती तितं पायरीवर बसून बघत व्हती. पाथरवटाला पानी बी तिनंच दिलं." त्यांनी पायानं फरशी घासून बघितली. "आता तिचं कंचं खरं धरू, तूच सांग."

पडलं तर शाळा बंद, ही अट तुमचीच होती की, असं मला ओरडून म्हणायचं होतं. खरं बोलायला तिला जागा तुम्ही कुठं ठेवली होती? पण समोर ती फरशी होती. दोन्हीकडचं खरं होतं आणि त्यानं कुणाचंच भलं होत नव्हतं. तिच्या मनगटापेक्षा तुमची अट वाकडी आहे, हे वाक्य मी आजवर हजार वेळा मनात बोलले असेन. त्या दिवशी तोंडातून निघालं नाही.

"फॉर्म ठिवून जा," ते म्हणाले, आणि आत गेले.

ती दाराआड उभी होती. अंगणाच्या कवाडापर्यंत माझ्याबरोबर आली. हात पदराखाली, म्हणजे ती आता साडी नेसायला लागली होती, ते मी तेव्हाच बघितलं. मी म्हणाले, चुकलं माझं. उतारावर मीच बस म्हणाले. तू म्हणाली नव्हतीस.

"पडले म्हणून तुझा राग न्हाई मला," ती म्हणाली. अगदी सरळ, गणित सांगावं तसं. "तू उद्या शाळंत जाणार, म्हणून येतो."

मी सोमवारी शाळेत गेले. मंगळवारीही गेले. फॉर्म आला नाही.